पाण्याची शिस्त

"पाणी ही अत्यंत शिस्तप्रिय वस्तू आहे. त्याला हुकूम देणारा माणूस तेवढा हवा," असं साहेब म्हणाले, तेव्हा ते तलावाच्या मधोमध, स्वतःच्या नव्या कोऱ्या बोटीत उभे होते आणि पाणी त्यांच्या घोट्यापर्यंत आलेलं होतं.

समोरच्या बाकावर त्यांच्या पत्नी पाय वर घेऊन बसल्या होत्या. जेवणाचा डबा त्यांनी छातीशी कवटाळला होता.

"मग द्या की हुकूम," त्या म्हणाल्या. "माझी एक चप्पल केव्हाच तुमच्याकडे यायला निघालीय."

साहेब पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले होते. गावातल्या प्रत्येक टाकीवर त्यांचा हात फिरला होता. नोकरीच्या उभ्या काळात त्यांनी बायकोला फिरायला म्हणून कुठेही नेलं नव्हतं. न्यायचं ठरत असे, बॅगा भरल्या जात, दाराला कुलूपही लागत असे. आणि नेमका त्याच वेळी कुठेतरी पाइप फुटत असे. बाईंचा तर पक्का समज झाला होता की पाइप त्यांच्या बॅगेवरच डोळा ठेवून असतात. म्हणून निवृत्तीनंतर साहेबांनी मासेमारीची ही छोटी इंजिनाची बोट घेतली आणि जाहीर केलं, "आता रोज सहल. मी मासे धरीन, तू नुसतं बघत बसायचं."

"एवढी वर्षं दुसरं काय केलं?" बाई म्हणाल्या, पण त्या संध्याकाळी त्यांनी नवी टोपी आणली, हे साहेबांनी पाहिलं होतं.

बोट घरी आल्यावर साहेबांनी तिला लगेच पाण्यात ढकललं नाही. आधी अंगणात ठेवून तिच्या बारीकसारीक उणिवा दूर केल्या. बाकांना गाद्या शिवून घेतल्या, छत्रीसाठी कडी ठोकली, थर्मासला खोबण केली, मागच्या बाकामागे पितळी कडी लावून ओव्हरफ्लोचा पाइप बसवला, टॉवेलला खुंटी लावली आणि बायकोच्या पायाखाली छोटं पायपुसणं अंथरलं. तेच पायपुसणं आता बाईंच्या चपलेपाठोपाठ तरंगत निघालं होतं.

किनाऱ्याला लागल्या लागल्या साहेबांनी ओल्या पॅन्टनेच कंपनीला फोन लावला.

"वॉरंटी विभाग. तक्रार काय आहे सर?"

"बोटीत पाणी येतंय."

"कुठून?"

"तलावातून! दुसरं कुठून येणार?"

"तसं नव्हे सर. बोट त्या वेळी कुठे होती?"

"पाण्यात."

पलीकडचा आवाज जरा हळू झाला. "म्हणजे तुम्ही वापरलीत?"

साहेबांनी फोन कानापासून दूर नेऊन त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. मग परत कानाला लावला.

"बोटीत काही बदल केलेत का सर? बदल केले असतील तर वॉरंटी जाते."

"एकही नाही," साहेब ठामपणे म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले. कुणाच्या कामात बदल करणाऱ्या लोकांचा त्यांना आयुष्यभर तिटकारा होता. त्यांनी केल्या होत्या त्या सुधारणा.

बोट टेम्पोवर चढून कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेली. मेकॅनिक तिच्याभोवती फिरला, खाली वाकला, बुडाला दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "साहेब, एक थेंब येत नाहीये."

"अहो, इथे पाणी कुठाय?"

"तेच तर म्हणतोय. इथे काहीच प्रॉब्लेम नाही."

शेवटी असं ठरलं की बोट पाण्यात नेण्यापेक्षा पाणीच बोटीत आणावं. आतलं पाणी जिथून बाहेर पडेल तिथूनच बाहेरचं आत येत असणार, हा मेकॅनिकचा हिशेब साहेबांनाही पटला. रबरी नळी सोडली. पाणी चढत चढत बाकाच्या उंचीला आलं आणि मागच्या बाजूच्या चकचकीत पितळी कडीतून एक सुरेख, एकसारखी धार बाहेर पडू लागली. बुडातून मात्र टिपूस नाही.

"काय डोकं लावलंय कंपनीने!" मेकॅनिक त्या धारेकडे बघत म्हणाला. "जास्तीचं पाणी आपोआप बाहेर. नवीन मॉडेल दिसतंय. आम्हाला कोण कळवतंय म्हणा!"

साहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पण आपल्या चांगल्या कामाचा आपणच डंका पिटणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते नुसते हसले आणि टॉवेलच्या खुंटीकडेही त्याचं लक्ष जातंय का, ते पाहू लागले.

मग तलावावर चाचणी झाली. मेकॅनिक एकटा बोट घेऊन गेला, मोठा फेरा मारून आला. बोट कोरडी ठणठणीत. साहेब एकटे गेले. कोरडी. "आता दोघं जाऊ," साहेब म्हणाले, तर मेकॅनिकने कानाला हात लावले. कंपनीच्या माणसाने गिऱ्हाइकाबरोबर एका बोटीत बसायचं नाही, असा कडक नियम होता. मागे एकदा असे दोघं बसले होते आणि मधल्या पाण्यात भांडण झालं होतं म्हणे.

"मग पाणी आलं तेव्हा बोटीत होतं कोण?" मेकॅनिकने विचारलं.

"मी आणि ही."

मेकॅनिकने बाईंकडे पाहिलं. मग बोटीकडे पाहिलं. मग पुन्हा बाईंकडे. "तुम्ही एकटे बसलात तर येत नाही. मी बसलो तर येत नाही. म्हणजे मॅडम बसल्या की…"

"की काय?" बाई म्हणाल्या.

"नाही, मी आपलं निरीक्षण सांगितलं."

बाई थक्क होऊन उभ्या राहिल्या. "मी बसमध्ये बसलेय, झोपाळ्यावर बसलेय, लिफ्टमध्ये तर ह्यांच्या सगळ्या भावंडांसकट उभी राहिलेय. आजवर कश्शाला म्हणून गळती लागलेली नाही!" मग त्यांनी नवऱ्याकडे वळून पाहिलं. साहेब त्याच वेळी शास्त्रीय विचारात पडल्यासारखी मान हलवत होते, आणि ही त्यांची त्या दिवसातली सगळ्यात मोठी चूक होती.

"तुम्हालाही तसंच वाटतंय?"

"तसं नाही गं. भार वाढला की एखादी फट उघडत असेल—"

"भार!" बाईंनी डबा उचलला. "कंपनीचा माणूस माझ्यासमोर उभा राहून 'दोष तुमचा नाही' असं म्हणेपर्यंत मी त्या बोटीत पाय ठेवणार नाही. सहल तुमची तुम्ही करा."

नवी टोपी कपाटाच्या वरच्या फळीवर गेली. साहेबांना सगळ्यात जास्त लागलं ते हे.

आता ते हात धुऊन कंपनीच्या मागे लागले. कंपनीने बोटीच्या बुडाला थर दिला, पाणी आलं. थरावर थर दिला. बोट जड झाली आणि पाणी लवकर आलं. दर वेळी खात्री करायला साहेब शेजारच्या दंतवैद्यांना बरोबर घेत आणि दर वेळी दोघं गुडघ्यापर्यंत भिजून, एकमेकांशी न बोलता घरी येत. शेवटी कंपनीने शरणागती पत्करली आणि जुनी बोट काढून घेऊन अख्खी नवीन बोट दिली. साहेबांचे डोळे भरून आले. आणखी भरून आले ते मेकॅनिकचं पुढचं वाक्य ऐकून.

"साहेब, तुमचं जुन्या बोटीतलं सगळं जसंच्या तसं नवीनमध्ये बसवलंय. गाद्या, खुंटी, पाइप. कुठे उणं ठेवलं नाही."

"शाब्बास!" साहेब म्हणाले.

नवीन बोटीत दंतवैद्य बसले. नवीन बोटीतही पाणी आलं.

"आता हे कंपनीचं काम राहिलेलं नाही," दंतवैद्य म्हणाले. "हा तलावच तुमच्यावर चिडलाय."

तलाव फक्त साहेबांवर चिडलेला नाही, हे लवकरच कळलं. इतक्या वेळा बोटीत बसून दंतवैद्यांनाच मासेमारीची चटक लागली आणि त्यांनी त्याच कंपनीची बोट घेतली. पहिल्याच दिवशी ते सासूबाईंना घेऊन निघाले आणि पोहत परत आले. सासूबाई त्यांच्या आधी पोचल्या होत्या. पाठोपाठ आणखी कुणाकुणाच्या बोटी भरल्या. शोरूममधून अलीकडे बाहेर पडलेली प्रत्येक बोट, एकटा माणूस बसला की शहाण्यासारखी वागत होती आणि दुसऱ्याने पाय ठेवला की पाणी पिऊ लागत होती. गावात नवरा-बायकोंनी बोटीत बसणं अशुभ आहे, इथपर्यंत बोलणं गेलं.

साहेबांच्या अंगात आता खात्याचं जुनं वारं शिरलं. त्यांनी सगळ्या भिजलेल्या मंडळींना गोळा केलं आणि कंपनीला असा दम भरला की मुख्य कार्यालयातून थेट बडा अधिकारीच येऊन तलावाच्या धक्क्यावर उभा राहिला. गर्दी जमली. दंतवैद्य आले, त्यांच्या सासूबाई आल्या, मेकॅनिक आला. बाईसुद्धा आल्या, पण लांब उभ्या राहिल्या. हातात डबा होता. टोपी नव्हती.

"आधी तिची माफी," साहेबांनी बजावलं. "बाकीचं नंतर."

अधिकारी बाईंसमोर गेला. कोट घातलेला, बूट चकचकीत. त्याने हात जोडले. "मॅडम, कंपनीच्या वतीने सांगतो. दोष तुमचा नाही. दोष बोटीचा आहे. आम्हाला लाज वाटते."

धक्क्यावर टाळ्या पडल्या. बाईंनी मेकॅनिककडे एकदा नीट पाहून घेतलं. त्याने नजर खाली घातली. मग बाईंनी पिशवीत हात घातला आणि आतून टोपी काढली. म्हणजे ती आणलेली होती! साहेब झटकन बोटीत उतरून गादी साफ करू लागले.

"फक्त एक शंका होती सर," अधिकारी म्हणाला. "आमच्या शोरूमने सगळ्या बोटींना हा पितळी कडीचा पाइप बसवलाय. फार छान दिसतो. पण मुख्य कार्यालयात याचा नकाशाच सापडत नाही."

"साहेबांच्या बोटीला आधीपासून होता," मेकॅनिक म्हणाला. "नवीन मॉडेलला आहे म्हटल्यावर आम्ही बाकीच्यांनाही लावला. गिऱ्हाइकाने विचारलं तर काय सांगायचं, की तुम्हाला जुनं दिलं?"

"पण त्याचा उपयोग काय?"

असा प्रश्न विचारल्यावर साहेबांना थांबवणं आता कुणाच्याच हातात नव्हतं. त्यांनी मागची गादी बाजूला केली आणि कनिष्ठ अभियंत्यांना शिकवायच्या आवाजात सुरुवात केली. "अगदी सोपं आहे. पाणी नेहमी वरच्या पातळीकडून खालच्या पातळीकडे जातं. हा त्याचा धर्म आहे. समजा, टाकी भरली. पाणी चढत चढत इथवर आलं. की या पाइपाने ते आपोआप बाहेर पडतं. का? तर बाहेर…"

याच वेळी बाईंनी डबा सांभाळत, टोपी नीट करत बोटीत पाय ठेवला आणि समोरच्या बाकावर बसल्या. बोट जराशी खाली झाली. बाहेरची पितळी कडी हळूच, कसलाही आवाज न करता पाण्याखाली गेली.

"कारण बाहेर…" साहेब पुन्हा म्हणाले आणि थांबले.

सगळे वाट बघत होते. पाइपाच्या आतल्या तोंडातून एक सुरेख, एकसारखी धार बोटीत पडू लागली होती.

"बाहेर काय?" दंतवैद्यांनी विचारलं.

"बाहेर पाणी आहे," साहेब म्हणाले. तो आवाज त्यांच्या घरच्यांनीही कधी ऐकलेला नव्हता.

उभी हयात दुसऱ्यांची तोंडं उघडायला लावण्यात गेलेल्या दंतवैद्यांचं स्वतःचं तोंड आ वासून राहिलं. अधिकारी मटकन जवळच्या बोटीच्या काठावर बसला. ती दंतवैद्यांची होती आणि ओली होती.

"म्हणजे हा पाइप कंपनीचा नाही?" मेकॅनिकने विचारलं.

"माझा आहे," साहेब म्हणाले. "मीच बसवला. टाकीला असतो तसा."

"आम्ही… आम्ही जाहिरातीत त्याचाच मोठा फोटो टाकलाय," अधिकारी पुटपुटला.

"जावई माझा मूर्ख, हे मला ठाऊक होतं," दंतवैद्यांच्या सासूबाई म्हणाल्या, "पण त्याला शेजारही तसाच मिळावा!"

साहेबांना हे काहीच ऐकू येत नव्हतं. ते फक्त समोर बघत होते. बाई अजून बसलेल्याच होत्या. पाणी त्यांच्या चपलांशी पोचलं होतं.

"म्हणजे भार माझा नव्हता," बाई म्हणाल्या.

"नव्हता."

"दोष बोटीचाही नव्हता."

"नव्हता."

"मग राहिलं कोण?"

"मी," साहेब म्हणाले आणि खाली मान घालून उभे राहिले. "उतर तू. मी बोट वर्कशॉपला नेतो. पाइप काढून भोक बुजवायचं, वर थर द्यायचा, वाळवायचा… मग जाऊ."

बाईंनी तलावाकडे पाहिलं. पलीकडच्या काठावर झाडांची सावली पाण्यात पडली होती. मग त्यांनी धक्क्याकडे पाहिलं. तिथे कंपनी होती, दुरुस्ती होती, वॉरंटी होती आणि बहुतेक कुठेतरी एखादा पाइप फुटण्याच्या बेतात होता. त्यांनी डबा कोरड्या जागी ठेवला, पदर खोचला आणि सरळ मागे येऊन इंजिनाची दोरी हातात घेतली.

"अगं, पण पाणी—"

"बसा खाली," बाई म्हणाल्या. "इंजिन मी बघते. तुम्ही तेवढा त्या पाइपावर अंगठा दाबून धरा."