तानूबाई सायाळ आणि गुहेतली भट्टी

मुलांनो, उंच डोंगरावरच्या एका जंगलात फार थंडी पडे. सिंहाची डरकाळीसुद्धा कुडकुडत बाहेर येई. म्हणून प्राण्यांनी एका गुहेत गॅसची भट्टी बसवली होती. हिवाळाभर सगळी पिल्लं तिथंच झोपत.

भट्टी सांभाळायची तानूबाई सायाळ.

भट्टीत एक कांडी असते. ती तापून लाल झाली की गॅस पेट घेतो. शेजारी एक बारीक सळई असते. ज्योत लागली की नाही हे तिला कळतं. ज्योत नसेल तर लगेच गॅस बंद होतो, म्हणजे तो गुहेत साठत नाही. पण सळईवर काजळी धरली की तिला समोरची ज्योतही कळत नाही.

म्हणून थंडीच्या आधी तानूबाई गॅस बंद करी, भट्टी निवू देई आणि सळई हलक्या हाताने पुसून काढी. कांडी ठिसूळ. तिला ती बोटही लावत नसे.

भट्टी कधीच बंद पडली नाही. तेव्हा भैरोजी अस्वलाने भरसभेत विचारलं, की भट्टी बिघडतच नाही, तर ही बाई करते तरी काय? सिंहमहाराजांना ते पटलं. तानूबाईला घरी बसवलं आणि भट्टी भैरोजीकडे दिली.

त्या हिवाळ्यात भट्टी पेटे आणि लगेच विझे. भैरोजीने तिला लाथा घातल्या. कांडी मोडली. हरिणीचं पाडस गारठून हलेनासं झालं, तेव्हा भैरोजीने त्याला आपल्या केसाळ पोटाशी धरून ऊब दिली. पाडस वाचलं. सगळे रडले. भैरोजीला शाल मिळाली.

सत्कार चालू असताना तानूबाईने मागे नवी कांडी बसवली, सळई पुसली. भट्टी पेटली. कुणी वळून पाहिलं नाही. तिला कामावर परत घेतलं, पण भैरोजीच्या हाताखाली.

पुढच्या वर्षी तिने सळई पुसली नाही. भट्टी विझली. पिल्लं कुडकुडू लागली. तानूबाईला ते बघवेना, हात शिवशिवत होते. तरी अख्खं जंगल जमेपर्यंत ती बसून राहिली. मग काटे सावरत उठली, सगळ्यांना मागे सारलं आणि सळई पुसली.

ज्योत टिकली. महाराजांनी स्वतः तिच्या गळ्यात हार घातला.

"तानूबाई, इतकी वर्षं होतात कुठे तुम्ही?"

"भट्टीपाशीच होते, महाराज," ती म्हणाली. "भट्टी चालू होती ना, म्हणून दिसले नसेन."

तात्पर्य : सळई वेळेवर पुसू नये. आधी गर्दी जमू द्यावी.