सफाई अलग, फेरफार अलग

मी पदवीधर झालो तो करीमचाचांमुळं. ते आमच्या गावच्या पाणी सोसायटीचे सेक्रेटरी, आणि चुना लावायच्या दिवशी एकही वस्तू जागची हलू न देणारा माणूस.

घरातसुद्धा तेच. चाची म्हणायच्या, "ह्यांना घर झाडलेलं चालतंय, चहाचा डबा सरकलेला चालत न्हाय." डबा हलवायचाच असेल तर दुसऱ्या दिवशी, सगळ्यांना सांगून. का म्हणून विचारलं की एकच उत्तर, "सफाई अलग, फेरफार अलग." गाव हसायचं. मशिदीला रंग दिला तेव्हा यांनी चपलांची जागासुद्धा बदलू दिली नाही, असं सांगून लोक चिडवायचे. चाचा म्हणायचे, "हसा. चुना वाळू द्या, मग बोला."

मी कॉलेजात होतो तेव्हा दुष्काळ पडला, आणि फक्त सोसायटीच्या विहिरीला पाणी होतं. कुणाची पाळी कधी, ते फक्त सोसायटीच्या भिंतीवर लिहिलेलं असायचं. आमच्या बौद्धवाड्याची पाळी पहाटेची. पाणी भरून आई खडी फोडायच्या कामावर वेळेत पोचायची. त्या मजुरीवर माझं कॉलेज चाललं होतं.

चाचा वाशीला एका लग्नाला गेले, तेवढ्यात सोसायटीच्या चेअरमननी पेंटर आणून भिंत नव्यानं रंगवून घेतली. अक्षर असं देखणं, की गाव अक्षरच बघत राहिलं. मजकूर कुणी वाचला नाही. चाचा परतले आणि भिंत वरपासून खालपर्यंत वाचत गेले. सगळंच नवं, त्यात बदललेलं काय ते दिसणार कसं? मग त्यांनी एकेका आळीला बोलावून आपापली जुनी पाळी मोठ्यानं सांगायला लावली आणि भिंतीशी ताडून पाहिली. सगळ्यांच्या जुळल्या. आमची तेवढी पहाटेवरून दुपारवर गेली होती, आणि दुपारी विहिरीत नुसता गाळ उरायचा. पहाटेचं पाणी आता पुढच्या पाळीला, चेअरमनच्या आळीला, मिळणार होतं.

चेअरमन म्हणाले, रंगकामात चूक झाली असंल. चाचा भांडले नाहीत.

"व्हय, झाली असंल. आधी होतं तसं लिहू. मग ज्याला पाळी बदलायचीय त्यानं मिटिंगीत सांगावं. तेवढीच ओळ गेरूनं लिहू, खाली सांगणाऱ्याचं नाव."

मिटिंग भरली. गेरूचा डबा मधोमध ठेवला होता. कुणी उठलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे आई घागर घेऊन विहिरीवर गेली.

पुढं चाची वारल्या. त्या वर्षीही चाचांनी घराला चुना लावला. चहाचा डबा चाचींनी ठेवला होता तिथंच आहे. चाचा स्वतः चहा पीत नाहीत.

परवा मी त्यांना पुण्याहून पत्र टाकलं:

"चाचा, सलाम. आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरला लिहून दिलेल्या कामाची कुठली ओळ कुणी बदलली, याची नोंद मशीनच ठेवतं. आता ओळी सरळ करून देणारी एक सोय आली. तिनं सगळं देखणं केलं, आणि सगळ्याच ओळी बदललेल्या दिसायला लागल्या. त्यात एक खरी चूक शिरली, ती कुणाला सापडेना. मला आपली भिंत आठवली. सगळं आधीसारखं करून घेतलं. एका दिवशी नुसती सफाई, तिची नोंद वेगळी. फेरफार दुसऱ्या दिवशी. शोधताना सफाईची नोंद सोडून द्यायची. चूक लगेच सापडली. साहेबांनी विचारलं, हे कुठं शिकलास? मी ताठ मानेनं तुमचं नाव सांगितलं.

आता तुम्ही इकडं या. येताना चाचींचा डबा आणा. खोलीला आज चुना लावून घेतलाय. डबा कुठं ठेवायचा ते आज ठरवत नाही. तुम्ही आल्यावर, तुम्ही सांगाल तिथं."