अठरा हजार फुटांवरची सोलकढी

"बाटलीचं झाकण इतकं आवळू नकोस, जरा हवेला जागा ठेव," असं सासूबाई अहिल्याबाईंनी सकाळी दोनदा सांगितलं होतं. कादंबरीनं दोन्ही वेळा "हो आई" म्हटलं आणि झाकण आणखी अर्धा वेढा फिरवलं. घाबरला की तिच्या नवऱ्याच्या, सुधन्वाच्या, पोटात जळजळ व्हायची, म्हणून सोबत सोलकढी हवी होती. ती बॅगेत सांडायला नको, एवढाच तिचा विचार. शिवाय तिला बाटलीपेक्षा मोठी काळजी होती. सुधन्वा आज एका लहान विमानात बसणार होता आणि ते विमान तिनं सुचवलेलं नव्हतं.

सुधन्वा गुडगावात बत्रासाहेबांच्या बिल्डर कंपनीत ॲडमिनला होता. माणूस इतका भिडस्त, की चार्टर्ड बसमधल्या त्याच्या ठरलेल्या सीटवर कुणी बसलं, तर मयूर विहारपासून गुडगावपर्यंत उभा जायचा आणि उतरताना त्या माणसाला वर "थँक यू" म्हणायचा. बत्रासाहेबांचे टॉवर भराभर उभे राहत होते. आता त्यांना लेहजवळ हॉटेल काढायचं होतं आणि तिथं जायला स्वतःचं विमान हवं होतं. गाडी घेताना करतात तसा तुलनेचा तक्ता कर, असं त्यांनी सुधन्वाला फर्मावलं. रकाने त्यांनीच सांगितले: मायलेज, सीटा, एसी, रीसेल.

कागद घरी आला आणि कादंबरीच्या हातात पडला. अवनी होईपर्यंत ती कॉलेजात फिजिक्स शिकवायची. दीड वर्षाच्या अवनीला मांडीवर घेऊन, इंटरनेटवर आठवडाभर वाचून, तिनं त्या तक्त्यात स्वतःचे रकाने घातले. डोंगरावर एक इंजिन बंद पडलं तर दुसऱ्यावर विमान किती उंची धरून ठेवतं? केबिनमध्ये हवेचा दाब राखला जातो का? ऑक्सिजन किती मिनिटं पुरतो? पहिलं विमान एका इंजिनाचं, दाब राखण्याची सोयच नाही, म्हणून बाद. दुसरं दोन पंख्यांचं, जुनं, पण दाबाची सोय असलेलं आणि स्वस्त. तिसरं छोटं जेट, नवंकोरं, महाग. तिनं तिसऱ्यापुढे खूण केली आणि खाली लाल शाईनं लिहिलं: 'उंचीवर ऑक्सिजन कमी पडला की माणूस घाबरेलच असं नाही. पुष्कळदा उलट फार छान वाटतं, आपण काहीही करू शकतो असं वाटतं. खरा धोका तोच.'

बत्रासाहेबांनी लाल शाई सोडून किमतीचा रकाना वाचला. दुसऱ्या विमानाच्या दलालानं छातीवर हात ठेवून सांगितलं, बाहेर कितीही उंची असू दे, आत मसुरीची हवा राहील. मंगळवारी चाचणी आणि शुक्रवारी त्याच विमानानं लेह, असं ठरलं. दोन्ही वेळा सोबत सुधन्वा.

मंगळवारी चार वाजता तो कंपनीच्या गाडीनं घरी आला. शर्टावर गुलाबी डाग होते आणि चेहरा असा, की अवनीसुद्धा टकमक बघायला लागली.

"आई, साखर आण. मी जनरल मॅनेजर झालो."

अहिल्याबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि मग हकीकत ऐकली. विमान डोंगरांवर अठरा हजार फुटांवर पोचलं. अर्ध्या तासानं सुधन्वानं प्यायला म्हणून बाटलीचं झाकण फिरवलं. झाकण फटाक्यासारखं छताला आपटलं आणि सगळी सोलकढी बत्रासाहेबांच्या पांढऱ्या सफारीवर. चहाचा एक थेंब सांडला म्हणून शिपायाची बदली करणारे बत्रासाहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. सुधन्वाही हसला. माफी मागायचं त्याला सुचलंच नाही. उलट तो म्हणाला, "सर, ये लेहवाला होटल एकदम बकवास आइडिया है." बत्रासाहेबांनी त्याला मिठी मारली. "ऐसा आदमी चाहिए मुझे. आज से तू जी.एम."

"उद्या लेटर मिळणार," सुधन्वा म्हणाला.

कादंबरी साखर तोंडात घालायची थांबली होती. "डोकं दुखत होतं?"

"थोडंसं. उतरल्यावर गेलं."

"पायलट काय करत होता?"

"त्याला सर्दी असावी. नाकात नळी घातली होती."

अवनीला न्यूमोनिया झाला होता तेव्हा डॉक्टरांनी कादंबरीला एक गोष्ट शिकवली होती: ऑक्सिजन कमी पडला की नखं जांभळी पडतात. तेव्हापासून ती दिवसातून दहादा लेकीची नखं बघायची. तिनं नवऱ्याचा हात हातात घेतला. नखं छान गुलाबी होती.

"वर असताना नखांचा रंग कसा होता?"

"जांभळट. तुला कसं कळलं? कोकम लागलं म्हणून मी रुमालानं पुसत बसलो होतो. जाईचना. खाली आल्यावर आपोआप गेलं."

ती उठली, बाटली घेऊन आली आणि त्याच्यापुढे ठेवली. गेल्या उन्हाळ्यात हीच बाटली, अशीच आवळून, मसुरीला नेली होती. उघडताना नुसतं फुस्स झालं होतं. "आत मसुरीची हवा नव्हती, सुधन्वा. मसुरीच्या पुष्कळ वरची होती."

त्याचा चेहरा हळूहळू नेहमीसारखा झाला. "म्हणजे ते सगळं मी बोललोच नाही?"

"तूच बोललास. फक्त ऑक्सिजन कमी होता."

"आणि सरांनी मला जी.एम. केलं ते?"

"तेही तिथलंच."

त्यानं साखरेची वाटी जवळ ओढली. मग म्हणाला, की उद्या लेटर हातात पडू दे, मग सांगू. कादंबरी म्हणाली, लेटर मिळाल्यावर तू सांगणार नाहीस, मी ओळखते तुला. शुक्रवारी चुपचाप जाऊन बसशील त्याच विमानात. आता दोघांनी अहिल्याबाईंकडे पाहिलं.

"माझा मुलगा जमिनीवर असं बोलत नाही," त्या म्हणाल्या. "लाव गं फोन."

बत्रासाहेबांच्या घरी फोन कादंबरीनंच केला. हवेचा दाब, ऑक्सिजन, पायलटच्या नाकातली ऑक्सिजनची नळी, सगळं तिनं वर्गात शिकवावं तसं हिंदीत सांगितलं. ते वैतागून ऐकत होते. शेवटी तिनं विचारलं, "सर, ऊपर आपके नाखून किस रंग के थे?"

पलीकडून आवाज आला, "मैं समझा, तुम्हारी गुलाबी लस्सी का रंग है."

गुरुवारी त्यांनी स्वतःचा इंजिनिअर पाठवला. दाराच्या रबराला वीतभर चीर निघाली. केबिनमधली हवा किती उंचीची आहे ते दाखवणारा काटा मसुरीवर कायमचा अडकलेला होता. दलालाचा फोन त्या दिवसापासून बंद. पायलटनं कबूल केलं, की गिऱ्हाईक खूश दिसत होतं, म्हणून आपण काही बोललो नाही.

शुक्रवारी बत्रासाहेबांनी सुधन्वाला ऑफिसातल्या आपल्या केबिनमध्ये बोलावलं. विमान रद्द. लेहचं हॉटेलही रद्द, कारण ते बकवास आहे हे त्यांना खाली उतरूनही पटलं होतं. "और जी.एम. वाली बात," ते म्हणाले, "वो ऊपर की बात थी. ऊपर ही रह गई." मात्र यापुढे कुठलंही विमान बघायला जाताना सुधन्वानं सोबत यायचं आणि घरून ती बाटली आणायची. झाकण मिसेसनी आवळलेलं असलं पाहिजे.

सुधन्वा ॲडमिनचा ॲडमिनच राहिला. पण सोमवारी चार्टर्ड बसमध्ये त्याच्या सीटवर एक जाडजूड गृहस्थ बसले होते. सुधन्वा त्यांच्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "भाईसाब, ये मेरी सीट है." ते उठले.

संध्याकाळी त्यानं हे सांगितल्यावर कादंबरीनं आधी त्याचा हात उजेडात धरला. गुलाबी. मग तिनं साखर आणली.

तुमच्या ओळखीचं एखादं भिडस्त माणूस लहान विमानातून उंच जाणार असेल, तर निघण्याआधी त्याला फोन करा. वर गेल्यावर फार बरं वाटायला लागलं तर नखं बघ, म्हणावं. आणि ते आधीच खुशीत परत आलं असेल, तर अभिनंदन सावकाश करा. पायलटच्या नाकात नळी होती का, तेवढं आधी विचारून घ्या.