अनुसूयाबाईंची काळी पुडी

“अनू, आपल्याकडे फुकट जेवलेल्याला चव विचारू नको गो! तो गोडच म्हणणार!” माहेरची आत्या जात्यावरून ओरडायची. आत्या गेली, जातं राहिलं. त्याच जात्यावर चौलच्या अनुसूयाबाई दंतमंजन दळत होत्या. सुपारीच्या सालींची राख, लवंग, आणि तुरटी अगदी सढळ हातानं!

काळं गं माझं मंजन, दात चांदण्यांची रास,
डब्यावर माझं नाव, मुंबईला त्याचा वास!

ओवी खोटी नव्हती. मुंबईचे व्यापारी चांगदेवशेठ म्हणाले होते, “गाव चांगलं म्हणालं, तर तुमच्या नावाचे डबे छापतो.”

एवढंच ना! बाईंनी सत्यनारायणाच्या प्रसादाबरोबर घरोघर एकेक पुडी दिली. आठ दिवसांत गावभर एकच गजर, “पुडीला काय गुण आहे हो!” बाईंचे पाय जमिनीवर ठरेनात! मोरीजवळची जास्वंद तेवढी का कोण जाणे वाळत चालली होती. दृष्ट, दुसरं काय!

शेठ आगबोटीनं आले. ओटी माणसांनी भरली.

“माझी म्हैस लाथा झाडायची,” शेजारच्या सखुबाई सरसावल्या. “पुडी लावली नि शेठ, गोगलगाय झाली!”

“म्हशीचे दात घासलेत?”

“दात कशाला? कपाळाला लावली! पूजेचा अंगारा आणखी कुठं लावतात?”

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. “अहो, मंजन होतं ते!”

“मंजन?” होडीवाले करमअलीचाचा चपापले. “भाबी, तुमच्या पूजेची चीज म्हणून मी अदबीनं मचव्यात जपून ठेवली. कसम से, तेव्हापासून मचवा रेतीत रुतला न्हाय!”

शेठनी छत्री उचलली. “बाई, दात घासलेला एक तरी माणूस दाखवा!”

“हे काय, घरातच आहे!” बाईंनी रामचंद्ररावांना पुढं ढकललं. “अहो, सांगा ना! रोज घासता, रोज ‘छान’ म्हणता!”

रामचंद्ररावांनी शेठकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, शेवटी बायकोकडे पाहिलं.

“अगो, रागावू नको. पहिल्याच दिवशी माझी जीभ सोलून निघाली. तुझा हिरमोड नको म्हणून ‘छान’ म्हणालो. तेव्हापासून रोजची चिमूट मी जास्वंदीला घालतो. ती बिचारी तुझी भीड धरीना. वाळली!”