शेवटपर्यंत बसणाऱ्यास दोन गुण

हिंगोली जिल्हा नवा झाला, तेव्हा त्याला जिल्हाधिकारी मिळाले, पाट्या मिळाल्या आणि पाठोपाठ संघटनाही मिळाल्या. जुन्या जिल्ह्यात ज्यांना सहचिटणीसपदानेही हूल दिली होती, ते इकडे अध्यक्ष झाले. उत्तमराव हे तीन संघटनांचे अध्यक्ष होते आणि चौथीसाठी विषय शोधत होते. एकदा लग्नाला जाताना एका रुग्णवाहिकेने त्यांची जीप मागे टाकली. रुग्णवाहिकेवरची ही माणसं नेमकी कोणाच्या ताब्यात असतात, असा प्रश्न त्यांना पडला. चौकशीअंती ती कोणाच्याच ताब्यात नसल्याचं निष्पन्न झालं. पंधरा दिवसांत 'हिंगोली जिल्हा आपत्कालीन प्रथमोपचारक महासंघ' स्थापन झाला.

नेमसिंग आडे हा आखाडा बाळापूरच्या एका ट्रस्टच्या रुग्णवाहिकेवर चौदा वर्षं होता. तांड्यावरचा माणूस, शिक्षण सातवी. रक्त कसं थांबवायचं, मोडलेला पाय कसा उचलायचा, घाबरलेल्या माणसाशी काय बोलायचं, हे सगळं तो एका म्हाताऱ्या कंपाउंडरकडून आणि पुढे रस्त्यावर शिकला होता. महासंघाने त्याला फोटोचं कार्ड दिलं. भिकाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, ते देवापाशी ठेवलं. मग ट्रस्टने ठराव केला की, ज्याच्याकडे चालू वर्षाचं कार्ड असेल त्यानेच गाडीत बसावं. कार्ड देवापाशी ठेवण्याजोगं आहे, हे भिकाबाईला आधीच कळलं होतं.

महासंघाचे सचिव विश्वंभर गुरुजी हे निवृत्त मुख्याध्यापक. आयुष्यभर हजेरी घेतलेल्या माणसाला निवृत्तीनंतर दुपारी करमत नाही. त्यांनी 'निरंतर शिक्षण योजना' आणली. वर्षाला सहा वर्ग, जागा आखाडा बाळापूरचं मंगल कार्यालय, वेळ दुपारी दोन ते चार. सुरुवातीला एक सही, शेवटी एक सही. दोन्ही सह्या असतील त्याला दोन गुण. वर्षात किमान सहा गुण मिळाले नाहीत, तर कार्डाचं नूतनीकरण नाही. मध्ये उठला त्याची पहिली सहीही रद्द.

"आणि वर्गात काही समजलं न्हाई तर?" नेमसिंगने विचारलं होतं.

"समजण्याला गुण ठेवलेले नाहीत," गुरुजींनी खुलासा केला.

पहिल्या वर्गाचा विषय होता 'तत्पर प्रतिसाद'. जिल्हाभरातले ऐंशी प्रथमोपचारक आपापल्या गाड्या रांगेत लावून आत बसले. कार्यालयाच्या ओट्याला लागून दगडोबाचं चहाचं हॉटेल आणि त्यातच एसटीडीचा फोन. गाडीसाठी येणारे निरोप तिथेच यायचे. तीनला दगडोबा किटली घेऊन आत आला, ओळीतून वाट काढत नेमसिंगपाशी गेला आणि कप हातात देता देता म्हणाला, "नेमसिंग, शिरड शहापूरच्या वाटंला ट्रॅक्टर उलथलंय. दोघं खाली हायत म्हन्ते."

नेमसिंग उठला.

"च्या झाकून ठेवतो, बाबा. तू पळ."

दोघंही वाचले. आठवड्याने नेमसिंगला पत्र आलं: 'आपण "तत्पर प्रतिसाद" या विषयाचा वर्ग सुरू असताना तत्परतेने निघून गेलात, ही बाब गंभीर असून आपले शून्य गुण नोंदविण्यात येत आहेत.'

दुसऱ्या वर्गात सर्पदंश शिकवत होते. सिद्धेश्वरच्या कालव्याजवळ एका बाईला साप चावल्याचा निरोप आला आणि नेमसिंग गेला. बाई वाचली. तिसऱ्या वर्गात रक्तस्राव होता. त्या दिवशी नेमसिंगच्या अंगरख्यावर इतकं रक्त लागलं की, भिकाबाईने तो धुण्याचा नाद सोडून दिला. तोही माणूस वाचला. गुण मात्र शून्यच राहिले.

तो गुरुजींच्या घरी गेला. "गुरुजी, आमी काय हौसेनं उठून राहिलो का?"

गुरुजी मनाने वाईट नव्हते. त्यांनी नियमावली काढली, चष्मा पुसला. "तरतूद आहे की. वर्गातून जायचं असेल तर अर्ज करावा. अध्यक्षांच्या सहीने परवानगी मिळते. फक्त अर्ज तीन दिवस आधी हवा."

"ट्रॅक्टर उलथायच्या तीन दिवस आधी?"

"नियोजन म्हणतात त्याला," गुरुजी म्हणाले.

तरीही नेमसिंगची तक्रार कार्यकारिणीपुढे गेली आणि तिच्यावर सहानुभूतीने विचार झाला. हा माणूस का उठतो? निरोप येतो म्हणून. निरोप कोण आणतं? चहावाला. तेव्हा ठराव क्रमांक अकरा एकमताने मंजूर झाला: चहावाल्याने सभागृहात चहा द्यावा, बोलू नये. नेमसिंगच्या हितासाठी संघटनेने केलेलं हे पहिलंच काम होतं, आणि उत्तमरावांनी ते वर्तमानपत्रात फोटोसह छापून आणलं.

चौथ्या वर्गात दगडोबा आला, कप दिला, नेमसिंगच्या तोंडाकडे बघत क्षणभर थांबला आणि गेला. नेमसिंगला काही कळलं नाही, की कळून घ्यायचं नव्हतं, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. चार वाजता त्याने दुसरी सही केली. आयुष्यातले पहिले दोन गुण. बाहेर आला तर दगडोबा भट्टीपाशी बसलेला.

"फोन आला व्हता काय?"

"आला की. बाळंतीण अडली व्हती. बैलगाडीत घालून नेली म्हन्ते." दगडोबाने राख खाली केली. "मला बोलायची बंदी हाय ना, बाबा."

नेमसिंगला त्या रात्री जेवण गेलं नाही. बाईचं काय झालं, हे विचारायला तो त्या गावी गेला नाही. विचारलं असतं तर कळलं असतं.

पाचव्या वर्गात कप देताना दगडोबाने त्याच्याकडे पाहिलंच नाही. चार गुण झाले. महासंघाच्या वार्षिक अहवालात नोंद झाली की, ठराव क्रमांक अकरानंतर प्रशिक्षणाच्या वेळेत एकाही अपघाताची माहिती प्राप्त झाली नाही; यावरून प्रशिक्षणामुळे अपघात घटतात हे सिद्ध होते.

सहावा वर्ग एकतीस मार्चला होता. सकाळी भिकाबाईने त्याला दारात अडवलं. तिने सात वर्षं ऊसतोडीला कोयता धरला होता आणि नेमसिंगला गाडीची नोकरी लागल्यावर तो वळचणीला खोचून ठेवला होता. मुलगी पूजा दहावीला होती.

"आज कोनी मरू द्या का जगू द्या, तुमी उठू नका," ती म्हणाली. "दोनच गुन राह्यले. तो कोयता मला परत काढायचा न्हाई."

नेमसिंगने मान हलवली.

विषय होता 'हृदयविकार : पहिला तास'. या वर्गासाठी महासंघाने छाती दाबायचा सराव करायला रबरी पुतळा मिळवला होता. तो खराब होऊ नये म्हणून त्याचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं. डॉक्टरीणबाई प्रियदर्शनी नव्या होत्या, मनापासून शिकवत होत्या. "पहिल्या तासातलं एकेक मिनिट सोन्याचं असतं," त्या म्हणाल्या. ऐंशी जणांनी ते लिहून घेतलं. मग सराव सुरू झाला. तीस दाब मोजायचे आणि पुढच्याला जागा द्यायची. ध्वनिक्षेपकावर आकडे घुमत होते.

तीनला चहा यायचा, तो आला नाही. पहिल्या ओळीत कुजबुज झाली. तीन वाजून पाच मिनिटांनी दारात सोजराबाई, दगडोबाची बायको, उभी दिसली. तिच्या हातात किटली नव्हती.

"आवं, म्हातारं पडलंय. छाती धरून पडलंय. घामानं पाक भिजलंय."

सभागृहात ऐंशी प्रशिक्षित माणसं होती. त्यातल्या एकोणऐंशी जणांनी नेमसिंगकडे पाहिलं, कारण उठायचं काम त्याचं, असा वर्षभराचा रिवाज होता. नेमसिंग अर्धा उठला. गुरुजींनी हजेरीपत्रक उचलून छातीशी धरलं.

"आडे, विचार करा. पंचावन्न मिनिटं राहिलीत."

डॉक्टरीणबाई निघाल्याच होत्या. उत्तमरावांनी त्यांना अदबीने थांबवलं. "मॅडम, आपण गेलात तर वर्गच रद्द होतो. ऐंशी कुटुंबांचा प्रश्न आहे." मग ते दाराकडे वळले. "आजी, चारला सगळेच येतो. तोवर त्यांना आडवं पाडून ठेवा."

"आडवंच हाय ते," सोजराबाई म्हणाली. मग तिने नाव घेऊन हाक मारली. "नेमसिंग, तुजा च्या झाकून ठेवत व्हता रे तो."

नेमसिंगच्या डोळ्यांपुढे दगडोबा होता आणि वळचणीचा कोयता होता. त्याचे गुडघे वाकलेलेच होते. पुढची हालचाल वर करायची की खाली, एवढंच ठरायचं होतं. पुतळ्यापाशी कोणीतरी मोजत होतं, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. पुढच्याचं नाव पुकारलं गेलं: नेमसिंग आडे.

तो गेला आणि त्याने प्लास्टिकवरून तीस वेळा छाती दाबली. दाब अचूक असल्याचं डॉक्टरीणबाईंनी खाली मान घालून सांगितलं. परत येऊन तो जागेवर बसला.

चारला त्याने सही केली आणि धावत सुटला. भट्टीवरचं दूध जळून पातेलं काळं झालं होतं. दगडोबा बाकाखाली होता, डोकं सोजराबाईच्या मांडीवर. नेमसिंगने गुडघे टेकले, तळवा तळव्यावर ठेवला आणि मोजायला लागला. अंगठ्याला सहीची शाई लागली होती.

तो तिसाव्यावर आला, पुन्हा एकपासून लागला. सोजराबाईने त्याचे हात धरले.

"आता काहून दाबून राहिला, बाबा?" ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे."

नेमसिंगचं कार्ड नूतनीकरण होऊन आलं. भिकाबाईने ते देवापाशी ठेवलं. तो गाडीवर आहे, पण कोणाच्या छातीवर हात ठेवायची वेळ आली की, आधी आपला अंगठा बघतो. अभिप्राय अर्जांत शहात्तर जणांनी वर्ग उत्तम झाल्याचं आणि चहा न मिळाल्याचं लिहिलं.

चहावाल्याचा मृत्यू वाया जाऊ नये, असं महासंघाला मनापासून वाटलं. म्हणून पुढील वर्षाच्या निरंतर शिक्षणासाठी 'एक प्रकरण' या सदरात हा सर्व वृत्तांत छापून सभासद आणि इच्छुक नागरिकांना वाटण्यात आला आहे. अट जुनीच आहे: बसल्या जागी, मध्ये न उठता शेवटपर्यंत वाचावं. सोजराबाई दारात उभी होती, तेव्हाही आपण उठला नाहीत. ओळीमागून ओळ वाचत इथवर आलात. आपले दोन गुण नोंदवले आहेत. खाली दुसरी सही करावी.