शंभर टक्के पोच

सुट्टी ही घ्यायची गोष्ट नसून द्यायची गोष्ट आहे, आणि जी गोष्ट द्यायची असते ती कागदावरच द्यावी लागते, हे ज्या समाजाला वेळेवर कळतं त्याची प्रगती कोणी रोखू शकत नाही. सूर्य कागदाशिवाय उगवतो, हा त्याचा बेजबाबदारपणा झाला. प्राथमिक शाळेला तो परवडत नाही.

म्हणूनच सन २००३ च्या डिसेंबरात, चंद्रपूरकडच्या जंगलात पार आत बसलेल्या साजाबोडी गावच्या शाळेत, नाताळच्या आठ दिवसांच्या सुट्टीआधी तालुक्याहून एक पत्र आलं. गावात घरं चौदा, शाळेत मुलं अठरा, वर्ग चार, खोली एक. शिक्षक कागदोपत्री दोन. त्यातले दुसरे गुरुजी सहा वर्षांपासून तालुक्याच्या कार्यालयात बसून 'एकशिक्षकी शाळांची माहिती' गोळा करत होते. (माहिती अजून अपुरी आहे.) उरलेले एक म्हणजे नानाजी गुरुजी.

नानाजी मास्तर म्हणून चांगले होते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बारा वर्षांत एकही पोर त्यांनी पाढे आल्याशिवाय चौथीतून बाहेर सोडलं नव्हतं. साक्षरतेच्या वर्गात ओसरीवर बसवून त्यांनी गावातल्या चौदाही घरच्या बायाबाप्यांना सही शिकवली होती. त्यांना गर्व एकाच गोष्टीचा होता, तो म्हणजे स्वतःच्या अक्षराचा. त्यांच्या अक्षरातला 'ष' पाहायला म्हणे एकदा केंद्रप्रमुख खुर्चीतून उठले होते.

आता पत्राविषयी. पत्रात पालकांसाठी एकूण एकतीस सूचना होत्या. त्या प्रत्येक पालकाला लेखी द्यायच्या, प्रत्येकाची सही असलेली पोच घ्यायची, आणि शंभर टक्के पोच जमा झाल्याशिवाय मुख्याध्यापकाने मुख्यालय सोडायचं नाही, असा आदेश होता. सूचनांचा मासला असा (मजकूर जसाच्या तसा, काही कलमं जागेअभावी गाळली आहेत) :

१. थंडीपासून बचावासाठी पाल्यास लोकरीचा स्वेटर, कानटोपी, पायमोजे व बूट घालूनच घराबाहेर पाठवावे. (साजाबोडीत चपला असलेली मुलं तीन. त्यातल्या दोघांची चप्पल एकच आहे.)

४. पाल्यास दररोज दोन तासांपेक्षा अधिक दूरदर्शन पाहू देऊ नये. (गावात वीज नाही. या कलमाचं पालन गाव पिढ्यानपिढ्या करत आलं आहे.)

७. सुट्टीत पाल्यास एकदा तरी जंगलाची सहल घडवावी व वन्यप्राण्यांची ओळख करून द्यावी. (मागच्याच आठवड्यात वाघ बोडीवर पाणी पिऊन गेला. ओळख जुनी आहे.)

११. सरकत्या जिन्यावर पाल्याचा हात सोडू नये.

१४. रात्रभर चालणाऱ्या नाटकांस पाल्यास नेऊ नये. (हे कलम घालणारे साहेब हौशी नट होते. त्या हंगामात वडस्याच्या एका मंडळीत त्यांचे खलनायकाचे नऊ प्रयोग लागले होते.)

१९. संदर्भीय पत्र क्र. २, परिच्छेद ४ (ब) अन्वये वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांचे नजीकच्या केंद्रशाळेत समायोजन सुट्टीनंतर अमलात येईल. पालकांची हरकत असल्यास पोचेवरील संबंधित रकान्यात नोंदवावी, अन्यथा संमती गृहीत धरण्यात येईल.

२२. गच्चीस कठडा नसल्यास पाल्यास पतंग उडवू देऊ नये. (सर्वांत जवळची गच्ची बावीस किलोमीटरवर आहे आणि तिला कठडा आहे.)

२६. नाताळनिमित्त शेजाऱ्यांना शुभेच्छा द्याव्यात. (नाताळ कोणाचा, असं गावच्या पत्रूनं सुट्टी जाहीर झाल्यावर विचारलं होतं. त्याला सुट्टीचा, असं सांगण्यात आलं.)

३१. वरील सर्व सूचना पालकांनी काळजीपूर्वक वाचल्या असल्याची खात्री मुख्याध्यापकांनी करावी.

नानाजींनी चार कार्बन घालून, दाबून दाबून, तीन वेळा हे सगळं लिहून काढलं. तीनदा लिहिल्यामुळे ते एकदाही वाचावं लागलं नाही. चौदा घरांसाठी चौदा आणि फाईलला एक अशा प्रती तयार झाल्या. पाचव्या कागदावर अक्षरांऐवजी निळसर आभाळ उमटत होतं, पण प्रत्येक प्रतीवर शाळेचा गोल शिक्का मात्र ठसठशीत बसला.

घात शिक्क्यानं केला.

साजाबोडीला गोल शिक्क्याच्या कागदांचा दांडगा अनुभव होता. त्याआधीच्या तीस वर्षांत गावात असे नऊ कागद आले. गुरं चारू नका, मोहा वेचू नका, लाकूड आणू नका आणि शेवटी तुम्ही स्वतःच इथून उठा, असा त्यांचा चढता क्रम होता. गाव चुकीच्या जागी आहे, असं कागदाचं म्हणणं. (गाव वनखात्याच्या जन्माआधीपासून तिथं होतं. पण तसा कागद गावाकडे नसल्यानं हा मुद्दा विचारात घेता आला नाही.) या कागदी शाळेतून बाहेर पडताना गावानं स्वतःचे नियम बसवले होते. कागद हाती घ्यायचा नाही. घरी कोणी नाही म्हणून सांगायचं. घरी असलोच, तर आपण ते नव्हेच म्हणून सांगायचं.

आणि या सगळ्यावर गावाचा एक हुकमी एक्का होता. तो म्हणजे शाळा. शाळेच्या ओसरीला घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा तिसरीतली दीपाली रोज साडेदहाला वाजवायची, आणि तो वाजतोय तोवर इथं गाव नाही असं कोणाच्या बापाला म्हणता येणार नाही, असा दीपालीच्या आईचा, म्हणजे बुधरीचा, हिशेब होता. शाळा आहे तर गाव आहे. कागदाच्या बाबतीत गाव बुधरीच्या शब्दाबाहेर नव्हतं.

अशा गावात नानाजी बावीस तारखेला चौदा शिक्के घेऊन निघाले. पहिलं घर पत्रूचं होतं. पत्रू शाळेच्या समितीचा अध्यक्ष, आणि सकाळीच दोघांनी मिळून चहा घेतलेला.

"पत्रूभाऊ, हे घ्या."

पत्रूनं कागद पाहिला, शिक्का पाहिला आणि हात पाठीमागे बांधले. "पत्रू वडस्याले गेला," तो म्हणाला.

"आन तुमी कोन मंग?"

"मी बी त्यालेच पाहून राह्यलो."

"अरे, सकाळी तुयासंग चहा पेलो ना मी!"

"तवा तुमच्या हाती कागद नोता, गुरुजी."

दुपारपर्यंत नानाजी नऊ घरं फिरले. नऊपैकी सहा जण वडस्याला गेले होते, दोघं वारले होते (त्यातला एक हे सांगताना विडी ओढत होता) आणि लालसूच्या घरी लालसू नावाचं कोणी कधीच राहत नव्हतं. दहाव्या घरचा कोलू मात्र खरोखरच सासुरवाडीला गेला होता, आणि यावर नानाजींचा अजिबात विश्वास बसला नाही.

पण नानाजीही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. कोलूच्या बंद दारावर त्यांनी भाताच्या पेजेनं सूचना डकवली आणि रीतसर पंचनामा केला. पंच म्हणून त्यांना बाबूभाई सापडले. बाबूभाई दर सोमवारी लुनावर कपड्यांचं गाठोडं बांधून गावोगाव फिरत.

"गुरुजी, मी इथी स्वेटर इकाले आलो. पंच व्हाले नाई," बाबूभाई म्हणाले.

नानाजींनी त्यांना पहिलं कलम वाचून दाखवलं. ते ऐकून बाबूभाईंचं सरकारविषयीचं मत त्या दिवसापुरतं सुधारलं. त्यांनी झोकदार सही केली.

"पुरा वाचून घ्या पाह्यजे त," नानाजी म्हणाले.

"पंचाले वाचाचं नसते गुरुजी, पाहाचं असते. मी पाह्यलं ना तुमाले चिपकवताना." हे मत कायद्याला धरून होतं की नाही कोण जाणे, पण वहिवाटीला धरून होतं.

उरलेली तेरा घरं उघडी असल्यानं पेजेनं भागण्यासारखी नव्हती. पोचेवर सहीच हवी होती. नानाजींची पिशवी सायकलला बांधून तयार होती, चोवीस तारखेला पुतणीचं लग्न होतं, आणि पोच पुरी झाल्याशिवाय पाय हलवायची सोय नव्हती. शेवटी ते बुधरीच्या खळ्यावर गेले. ती धान पाखडत होती. मागोमाग सारं गाव तिथं गोळा झालं. वारलेले दोघंही आले.

"यात गाव उठवाची गोष्ट त नाई ना, गुरुजी?" बुधरीनं विचारलं.

"नाई वं बाई. स्वेटरची गोष्ट आहे."

"आन शाळेची?"

"शाळेचाच त कागद आहे. शाळा काय शाळेले उठवन?"

हे उत्तर बुधरीला पटण्यासारखं होतं. तरी तिनं सूप खाली ठेवलं. "मंग वाचून दाखवा. सारा."

नानाजींनी खणखणीत आवाजात पहिलं कलम वाचलं. बुटांचा उल्लेख येताच मुलांनी आपापल्या पायांकडे पाहिलं. चौथं वाचलं. सातव्याला, म्हणजे वाघाची ओळख करून द्या म्हटल्यावर, खळ्यावर असा काही हशा उठला की नानाजींनाही हसू आवरेना. हसता हसता त्यांनी कागदाची घडी घातली.

"बाकी असंच आहे."

"एकतीस म्हनले ना तुमी? तीनच त झाले."

"बाई, तू रोज भात रांधतेस. सारी शितं दाबून पाहतेस का? एक दाबलं की झालं ना?"

शितावरून भाताची परीक्षा ही म्हण धानाच्या मुलखात कोणालाच खोडता येत नाही. बुधरीनं क्षणभर विचार केला.

"भात मी सोता रांधतो, गुरुजी. हा कोनं रांधला?"

या प्रश्नासाठी पोचेवर रकाना नसल्यामुळे त्याची नोंद होऊ शकली नाही.

"तुमी म्हनता म्हनून करतो," असं म्हणून बुधरीनं मात्र सही केली. नानाजींनीच शिकवलेली तीन अक्षरं, नानाजींनीच शिकवलेल्या वळणात. तिच्यामागून बाराही घरांनी केली. आजवर नऊ कागद परतवलेल्या गावानं दहावा घेतला, कारण तो घेऊन येणारा माणूस आपला होता.

संध्याकाळी नानाजी पोचा लावायला बसले तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की प्रत्येक पोचेवर शेवटचा एक रकाना रिकामा राहिला आहे. पत्रासोबत आलेल्या त्या छापील पोचांवर तिथं 'हरकत असल्यास' असं होतं. रिकामा रकाना म्हणजे दात पडलेलं तोंड, हे नानाजींचं मत होतं. त्यांनी चौदाही ठिकाणी सुंदर अक्षरात 'निरंक' असं लिहिलं, म्हणजे काहीही हरकत नाही.

तालुक्यात त्या पोचा पाहून कारकुनानं चष्मा पुसला. एकसष्ट शाळांपैकी शंभर टक्के पोच देणारी साजाबोडी ही एकमेव शाळा ठरली होती. इतर साठांची स्थिती पुढीलप्रमाणे होती. पत्र कपाटात ठेवून कपाटाची किल्ली हरवलेले बत्तीस. पत्र मिळालंच नाही असं कळवणारे एकोणीस. अंशतः पोच देणारे आठ. पत्र शेळीनं खाल्लं असा अहवाल देणारा एक. (अहवालासोबत शेळीचं वर्णन जोडलं होतं.) साहेबांनी नानाजींची पाठ थोपटली. नानाजी लग्नाला गेले आणि पंगतीत त्यांनी ही हकिकत तीनदा सांगितली.

दोन जानेवारीला शाळेच्या ओसरीवर तालुक्याचा शिपाई त्यांची वाटच पाहत होता. त्यानं दिलेला आदेश नानाजींनी उभ्यानंच वाचला, आणि बारा वर्षांत प्रथमच एखादा सरकारी कागद अखेरपर्यंत वाचला. पालकांनी एकमुखानं दिलेल्या संमतीनुसार साजाबोडीची शाळा बंद करून नऊ किलोमीटरवरच्या केंद्रशाळेत विलीन करण्यात आली होती. वीसपेक्षा कमी मुलं असलेल्या शाळा तालुक्यात आणखी बावीस होत्या. परंतु त्यांच्या पोचा अपूर्ण असल्यानं पालकांचं मत समजू शकलं नाही, सबब त्या पूर्ववत चालू राहतील, असंही खाली म्हटलं होतं. नानाजींच्या सुवाच्य अक्षराची दखल घेऊन त्यांची नेमणूक तालुक्याच्या कार्यालयात, पालकांसाठीच्या सूचना लिहिण्याच्या कामी, झाली होती.

नानाजींनी फाईल उघडली. एकोणिसावं कलम त्यांच्याच अक्षरात होतं. 'परिच्छेद' मधला जोडाक्षराचा फाटा नेहमीसारखाच देखणा पडला होता. त्यांना स्वतःच्या हाताची लाज वाटली, आणि ते मुलांच्या बाकावर बसले.

साडेदहा वाजले होते. दीपाली रुळाखाली दगड घेऊन उभी होती आणि तिला वाजव म्हणावं की नको, हे त्यांना सुचत नव्हतं. केंद्रशाळेची वाट दोन नाले आणि बोडीवर पाणी पिणाऱ्याच्या इलाख्यातून जात होती. त्या वाटेनं नऊ वर्षांची पोर एकटी जाणार नव्हती, हे त्यांना कळत होतं. शाळा गेल्यावर अकरावा कागद कशाचा येईल, हेही कळत होतं.

शिपाई दिसल्यावर बुधरी सूप टाकून आली. तिनं आदेश हातात घेतला नाही.

"हे त्या कागदात होतं, गुरुजी?"

"होतं."

"मंग वाचलं काऊन नाई?"

नानाजींनी फाईल मिटून मांडीवर ठेवली.

प्रश्न रास्त आहे आणि तो केवळ नानाजींना नाही. हे कलम या कथेतही, नाटकाच्या आणि पतंगाच्या मधोमध, आपल्या डोळ्यांखालून गेलेलं आहे. ज्या वाचकांनी ते तिथंच थांबून नीट वाचलं आणि जागच्या जागी हरकत घेतली, त्यांनी पुढे येऊन बुधरीला उत्तर द्यावं. बाकीच्यांची संमती गृहीत धरण्यात आली आहे.