मलेरिया अण्णांची निळी पेन्सिल

आमच्या घराला नवा रंग दिला त्याच आठवड्यात मलेरिया अण्णा पहिल्यांदा चहाला आले. चहा प्याले, उठले, कानावरची निळी पेन्सिल काढली आणि दाराच्या चौकटीशेजारी, पिस्ता रंगाच्या कोऱ्या भिंतीवर, त्या दिवसाची तारीख लिहिली. खाली सही. आई बघतच राहिली. "ताप कुणाला न्हाई, बरं चाललंय," असा शेरा तोंडी देऊन अण्णा चपला घालून गेलेसुद्धा.

अण्णांची सगळी नोकरी मलेरिया खात्यात गेली. घरोघर जायचं, ताप आहे का विचारायचं, असला तर बोट टोचून रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा आणि येऊन गेल्याची तारीख भिंतीवर टाकायची. नोकरी सुटली, पेन्सिल सुटली नाही. हुमनाबादेत ज्या घरावर अण्णांची तारीख नाही, त्या घराचं अण्णांशी भांडण आहे असं खुशाल समजावं.

दुसरी सुटली नाही ती जिभेवरची खोड. कुणी तापाला "मलेरियाच असंल" म्हटलं की अण्णा विचारायचे, "रक्त घेतलंस का?" म्हणजे, तपासलं नसशील तर बोलू नको. आता हाच प्रश्न ते कशालाही लावतात. फळवाला म्हणाला, कलिंगड साखरेसारखं आहे. "रक्त घेतलंस का?" शेजारच्या काकूंनी सांगितलं, लेकीला सोन्यासारखा नवरा मिळाला. "रक्त घेतलंस का?" काकूंनी वर्षभर अबोला धरला. वर्षानंतर स्वतःच येऊन म्हणाल्या, "घ्यायला पायजे होतं अण्णा."

मी या माणसाच्या मागे लागले ते माझ्या कामामुळे. आमचं एक लहानसं मंडळ आहे. अंधश्रद्धा, भोंदू औषधं, खोटे दावे यांच्याविरुद्ध पत्रकं काढायची आणि आठवडी बाजारात वाटायची. साथीच्या रोगांवरच्या स्वस्त पुस्तकांवर माझा विशेष राग. मुखपृष्ठावर रेड्याएवढा डास, आत वाट्टेल ते. छापलंय म्हणून लोक खरं मानतात, आणि लिहिणारा मात्र नामानिराळा. याला मी गुन्हा म्हणते, आजही म्हणते.

बसस्टँडवर रफीकभाईंचा पुस्तकांचा गाडा आहे. मराठी, कन्नड, उर्दू, सगळी एका ताडपत्रीवर. अण्णा रोज सकाळी तिथे उभ्याने ही पुस्तकं वाचतात आणि खोट्या वाक्यावर खिशातली चिठ्ठी डकवतात. एका पुस्तकात होतं, क्षयरोग्याचं ताट वेगळं ठेवलं की रोग पसरत नाही. अण्णांची चिठ्ठी: 'ताटाने नाही, खोकल्यातून हवेने पसरतो. खोकताना तोंडावर फडकं धरायला लावा, औषध सुरू होऊन काही आठवडे झाले की पंगतीत बसवा, औषध मात्र पुरं होईपर्यंत द्या.' रफीकभाई आधी कुरकुरायचे, "अण्णा, किताब से जादा तुमारी चिठ्ठियाँ हो गयीं." मग गिऱ्हाइकंच चिठ्ठीवाली प्रत मागायला लागली, तसे गप्प झाले. हल्ली खळ तेच आणून देतात.

दुसऱ्या एका पुस्तकाने लिहिलं होतं की कापलेल्या कांद्याच्या वासाने डेंगीचा डास तडफडून मरतो. अण्णांनी बरणीत डास धरले, कांदा ठेवला आणि मला बघायला बोलावलं. डास कांद्यावर आरामात बसून पाय चोळत होते.

"भाकरी तेवढी राहिली बघ," अण्णा म्हणाले.

पण एका पुस्तकाला अण्णा चिठ्ठी लावत नसत. ते दिसलं की उचलून घरी नेत. 'रोगराईचा सत्यानाश'. लेखक: 'एक अनुभवी सेवक'. चाळीसेक वर्षांपूर्वी उदगीरला छापलेलं, जत्राजत्रांतून विकलेलं. त्यात एक पान कुत्रं चावण्याचं होतं: जखमेत मिरचीपूड आणि करडीचं तेल भरावं, सुईच्या नादी लागू नये. अण्णांच्या घरात या पुस्तकांची एक पत्र्याची पेटी भरली होती.

ते पान वाचून माझं डोकं फिरलं. कुत्रं पिसाळलेलं असेल आणि लस घेतली नाही, तर माणूस हाती लागत नाही. मी रातोरात नाही, पण जेवायच्या आत पत्रक लिहिलं. मथळा: 'अनुभवी सेवका, लपतोस कुठे? समोर ये!' माझ्या पत्रकात उद्गारचिन्हं फार असतात, हे मला मान्य आहे.

अण्णांना तपासायला दिलं. त्यांनी निळ्या पेन्सिलीने माझीच रक्तचाचणी केली. जखम नुसती धुवा असं मी लिहिलं होतं, तिथे त्यांनी 'वाहत्या पाण्याखाली, साबणाने, पंधरा मिनिटं' घातलं. 'त्याच दिवशी दवाखान्यात लस' याच्याखाली दोन रेघा ओढल्या. मथळ्याला हात लावला नाही. बराच वेळ बघत बसले.

"ह्याला गाठायचंय तुला?"

"चौकात उभा करायचाय."

"मग चल निंबर्ग्याला. माझी थोरली बहीण हाय तिथं. तिच्यापाशी एक प्रत हाय, देईना झालीय. ती सांगंल तुला."

दोन बस बदलून आम्ही आळंद तालुक्यातल्या निंबर्ग्याला पोचलो. वाटेत अण्णांनी कंडक्टरला, गाडी वेळेवर पोचेल म्हणाला म्हणून, 'रक्त घेतलंस का?' विचारलं. मी मनात भाषण जुळवत होते.

नागम्मक्का दारातच होत्या. भावाला बघून म्हणाल्या, "आलास व्हय? पुस्तक न्हाई मिळायचं. हातपाय धू."

चुलीशेजारच्या भिंतीवर निळ्या तारखांची उतरंड होती. दर वर्षाची एक. प्रत्येकीपुढे एकच शेरा: 'पुस्तक मिळाले नाही.'

मी फार गयावया केली, तेव्हा अक्कांनी बसवण्णांच्या तसबिरीमागून लाल फडक्यातलं पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर विभूतीची तीन बोटं. कुत्र्याचं पान मी शोधलं, तर ते पुठ्ठ्यासारखं कडक. एकावर एक अण्णांच्या चिठ्ठ्या डकवलेल्या, दर साली नवी. साबण, पाणी, लस. खालची मिरचीपूड आता सुरीने खरवडली तरी दिसली नसती.

"अक्का, हे कुणी लिहिलं? त्याला सोडायचा नाही."

अक्कांनी भाकरी उलटली. "ह्यो काय बसलाय की तुझ्याशेजारी. माझ्या भावानं छापलेलं पुस्तक हाय. आमच्या घरात दुसऱ्या कुणी छापलंय सांग."

मी हातातलं पुस्तक मिटलं. अण्णा हातातल्या तांब्याकडे बघत होते.

"बावीस वर्षांचा होतो," ते म्हणाले. "नोकरी नवी, वाटायचं सगळं कळतंय. म्हातारी माणसं सांगायची ते लिवून काढलं. एकाचंबी रक्त घेतलं न्हाई. सरकारी नोकर म्हणून नाव टाकलं न्हाई, आता तुला टाकायचं तर पत्रकात टाक."

"ते पान वाचून कुणी..." मी विचारलं.

"माहीत न्हाई. पुस्तक कुठं कुठं गेलं, कुणी कुणाला दिलं, काय कळंल? माहीत असतं तर जाऊन पाय तरी धरले असते."

एवढं बोलून ते परसात हात धुवायला गेले. मी अक्कांच्या कानाशी लागले. म्हटलं, देऊन टाका ना, त्यांचा जीव थंड होईल.

"मला वाचाया येतंय व्हय पोरी? एक अक्षर येत न्हाई," अक्का हळूच म्हणाल्या. "पर दिलं, तर ह्यो पुढच्या साली कशाला येईल?" आणि माझ्या ताटात शेंगाचटणीचा डोंगर वाढला.

निघताना अण्णांनी रीतसर पुस्तक मागितलं. अक्कांनी रीतसर नाही म्हटलं. मग कानावरची पेन्सिल काढून त्यांनी भिंतीवर तारीख घातली, पुढे शेरा. जागा खाली सरकत जमिनीपाशी आली होती, म्हणून उकिडवं बसून लिहावं लागलं. उठायला अक्कांनीच हात दिला.

पत्रकाचा मथळा मी बसमध्येच बदलला: 'कुत्रं चावलं? साबण, पाणी, लस.' लेखकावरचा राग गेलेला नाही. पण त्याला चौकात उभा करायची गरज उरली नव्हती. तो आधीच किती चौकांत उभा राहून आला होता.

तरी एक गोष्ट डोक्यातून जाईना. पान तर केव्हाच बुजलंय. शेवटी मी विचारलंच.

"अण्णा, अक्कांना तर वाचताच येत नाही. मग दर साली ते पुस्तक मागायला कशाला जाता?"

अण्णांनी खिडकीची काच सरकवली. तुरीची रानं मागे जात होती.

"वाचाया येत न्हाई," ते म्हणाले, "कशावरून? रक्त घेतलंस का?"